एक्केचाळीस नंबरची जमात

संजीवनी उकिडवे सिंगापूरला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत गुडघ्यापर्यंत येणारे गमबूट होते. "तिथे चिखल कुठे मिळणार आहे तुला?" असं त्यांच्या नवऱ्याने, मनोहरकाकांनी, रत्नागिरीतच विचारलं होतं. वजन जास्त झालं तेव्हा काकूंनी बूट ठेवले आणि दोन साड्या काढल्या.

मी त्यांना काकू म्हणतो, पण आमची ओळख नात्यातली नाही, की महाराष्ट्र मंडळातली नाही. आमची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते या पृथ्वीवर नसलेल्या एका प्राण्यावरून. ही हकीगत सांगताना माझा आवाज आजही चढतो. चढू दे.

काकू रत्नागिरीच्या एका कॉलेजात चौदा वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या. मुलांना घेऊन खाडीत उतरायचं, खेकड्याची बिळं मोजायची, निवटी नावाची चिखलातली मासळी कशी उडी मारते ते दाखवायचं, हे त्यांचं आयुष्य. २००२ साली काकांना बुकित बातोकमधल्या एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि तिघं इथे आले. लेक गार्गी शाळेत रुळली, वर्षभरात वाक्यामागे सिंगापुरी 'लाह' लावायला लागली. काकूंचा मात्र डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला राहण्याचा परवाना. चार शाळांत अर्ज केले, चारही ठिकाणांहून सभ्य नकार आले. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडायला लागला होता. त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण गमबूट पलंगाखाली गेले.

जून २००४. शाळेला सुट्टी. पंधरा वर्षांची गार्गी सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटलेली. काकू तिला उठवायला गेल्या आणि पडद्यावर काय आहे ते वाचत मागेच उभ्या राहिल्या.

ती होती 'टेन हार्बर्स' नावाची वेबसाइट. दहा ग्रह, दहा बंदरं, त्यांच्यामध्ये ये-जा करणारी अवकाश-जहाजं, असं एक काल्पनिक जग. जगभरातली दोनेकशे हौशी माणसं त्या एकाच जगातल्या गोष्टी लिहायची. एकाने लिहिलेलं मंजूर झालं की ते बाकी सगळ्यांसाठी खरं. मंजुरी द्यायला सहा संपादक होते. त्या जगात पाच मोठ्या जमाती होत्या, लढवय्ये, व्यापारी, राज्यकर्ते वगैरे. सगळ्या गोष्टी त्यांच्याच. त्याखाली साठ 'मायनर' जमातींची यादी होती आणि प्रत्येकीला एकेक ओळ.

एक्केचाळीस नंबरला लिहिलं होतं: 'मडर्स. तिसऱ्या बंदराच्या चिखलात राहतात. संथ. निरुपद्रवी.'

"हे खातात काय गं?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"हे एक्केचाळीस नंबरचे."

"आई, हू केअर्स? दे आर मायनर स्पीशीज ओन्ली."

"मायनर म्हणजे काय? कुणाच्या मानाने? चिखलात राहतात तर श्वास कसा घेतात? अंडी कुठे घालतात?"

"नोबडी नोज लाह, आई! कुणी लिहिलंच नाहीये."

काकूंनी गार्गीला जेवायला पाठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. एका बोटाने टाइप करत त्यांनी साइटवर सात प्रश्न टाकले. चार दिवस कुणी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी एका संपादकाने एक ओळ लिहिली: 'ठाऊक नाही. हवं तर तुम्हीच लिहा.'

ती ओळ लिहिणारा संपादक मी होतो. प्रबोध रणदिवे, वय सत्तावीस, वन-नॉर्थमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, साइटवरचं नाव 'हेल्म्समन'. ऑफिसातल्या चहाच्या सुट्टीत मी ते लिहिलं आणि विसरून गेलो. समोरची व्यक्ती माझ्यापासून आठ-दहा स्टेशनांवर राहते आणि मराठी आहे, हे मला स्वप्नातही आलं नसतं.

काकू मात्र ती ओळ वाचून उठल्या आणि पलंगाखालून गमबूट काढले.

दुसऱ्या दिवशी त्या एमआरटी रेल्वेने क्रांजीला, तिथून बसने सुंगेई बुलोहला गेल्या. तिथे खाडीकाठचं राखीव जंगल आहे, खारफुटी आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. आत उतरायला परवानगी नाही, लाकडी पुलावरूनच बघायचं, म्हणून गमबुटांचा उपयोग शून्य. पण पुलाच्या कठड्यावर ओणवून त्यांनी खाली पाहिलं आणि त्या ओरडल्याच, "अगं बाई, निवटी!"

तीच ती. बेडकासारखे डोळे, माशाचं अंग, पुढच्या परांवर रेटत चिखलात चालणारी. रत्नागिरीच्या निवटीपेक्षा आकाराने मोठी, बाकी माहेरचीच. नंतर मला हे सांगताना काकू म्हणाल्या, "दोन वर्षांत पहिल्यांदा मला इथे कुणी ओळखीचं भेटलं रे."

पुढचे पाच आठवडे त्या आठवड्यातून तीनदा तिथे जायच्या. त्यांनी एक वही भरली. मग त्यांनी आपल्या कॉलेजच्या इंग्रजीत, व्याख्या आणि उपव्याख्यांसकट, एक्केचाळीस नंबरच्या जमातीवर बावीस पानं लिहिली.

ती बावीस पानं म्हणजे कमाल होती! हे प्राणी होडीएवढे मोठे. कातडीतून श्वास घेतात, पण कातडी ओली असेल तरच. त्यांची बिळं चिखलात खोलवर जातात आणि टोकाशी वर वळतात. त्या वळणाच्या पोकळीत हवा साठवलेली असते, कारण पोकळीच्या छताला अंडी चिकटवलेली असतात आणि चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. मग ही हवा येते कुठून? प्रत्येक जण वर येतो, गालफडं भरून हवा घेतो, खाली नेऊन सोडतो. घोट घोट, दिवसभर. इथवर सगळं खऱ्या निवटीचं शास्त्र. काकूंनी त्यात एक गोष्ट जोडली: या जमातीत वर आलेला प्रत्येक जण पहिला घोट आपल्या बिळात नेत नाही, शेजाऱ्याच्या नेतो. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. तशीच रीत. आणि ते स्वतःला मडर्स म्हणवत नाहीत, 'निवट' म्हणवतात.

मी ती पानं मंजूर केली. खरं सांगतो, पूर्ण वाचली नव्हती.

वर्षभरात फिनलंडच्या एका बाईने निवटांवर एक गोष्ट लिहिली, मग चिलीच्या एका मुलीने. त्या 'नायव्हट' म्हणायच्या. काकूंनी उच्चार सुधारून पाठवला. घरात त्यांचा दिवस बदलला होता. काका कामावरून आले की विचारायचे, "काय म्हणतायत आज तुझे चिखलवाले?" आणि काकू पोळ्या लाटता लाटता सांगायच्या.

मग २००५ साली मी युद्ध काढलं.

साइटवर तोचतोचपणा आला होता, म्हणून संपादकांनी एक महायुद्ध ठरवलं आणि पहिला भाग मला दिला. माझ्या मसुद्यात शत्रूचं आरमार येतं आणि तिसरं बंदर जाळून टाकतं. तीन दिवस आग. जवळजवळ कुणीच जिवंत राहत नाही. त्या बंदरातल्या अकरा मायनर जमाती एका परिच्छेदात संपतात, कारण तसंही यादी फार लांबली होती. मसुदा सदस्यांच्या मतदानाला ठेवला. एस. उकिडवे नावाच्या कुणाचं चौदा मुद्द्यांचं पत्र आलं. मी उत्तर दिलं, 'मॅडम किंवा सर, ही मायनर जमात आहे. कथेत तिचं काही काम नाही.'

तासाभरात उलट उत्तर: 'काम नाही, कारण तुम्ही दिलं नाहीत.'

नेमका त्याच आठवड्यात सिंगापुरातल्या सदस्यांनी एकत्र भेटायचं ठरवलं होतं. शनिवारी दुपारी, बोना व्हिस्ताजवळच्या फूड कोर्टात. इंग्रजी स्पेलिंगवरून मला वाटलं होतं उकिडवे म्हणजे कुणी तरी पूर्व युरोपातला म्हातारा प्राध्यापक, तो कशाला येतोय! आम्ही नऊ जण जमलो, बहुतेक कॉलेजातली मुलं. तेवढ्यात कॉटनचा पंजाबी ड्रेस घातलेली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक बाई आली, आणि तिच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून एक मुलगी, जिला तिथे असण्याची प्रचंड लाज वाटत होती.

"आय ॲम लुकिंग फॉर मिस्टर हेल्म्समन," बाई म्हणाल्या.

कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, तेवढ्यात माझा फोन वाजला. "आई, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करतो," मी म्हणालो आणि ठेवला.

बाई थेट माझ्यासमोर आल्या. मग कमरेवर हात ठेवून, स्वच्छ रत्नागिरी मराठीत: "तूच का रे तो, आमचं बंदर जाळायला निघालेला?"

माझ्या तोंडातला लक्सा नूडल्सचा घास तसाच राहिला. "तुम्ही... उकिडवे?"

"संजीवनी उकिडवे. कुठला तू?"

"सांगलीचा."

"तरीच. चिखलातल्या माणसांशी संबंध नाही आला तुझा."

"काकू, कृष्णेला चिखल असतो!"

"मग लाज वाटू दे थोडी!"

पुढचा अर्धा तास आम्ही मराठीत भांडलो. बाकीचे आठ जण टेनिस बघावं तसे माना फिरवत होते. गार्गी एका मलय मुलाला सांगत होती, "आय डोन्ट नो देम, हाँ." काकूंचा मुद्दा एकच होता: तू अकरा जमाती मारल्यास आणि त्यातला एकही प्राणी तुला माहीत नव्हता. माझाही मुद्दा एकच होता: युद्धात माणसं मरतातच. शेवटी काकूंनी पिशवीतून भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं.

"उद्या सकाळी साडेनऊला ओहोटी आहे. येतोस? ज्यांना मारायचंय त्यांना एकदा बघून तरी घे."

मी गेलो. कुतूहल होतं, आणि थोडा अपराधीपणाही. आम्ही चौघं होतो: काकू, मी, तो मलय मुलगा हाफिज, आणि 'मला जबरदस्तीने आणलंय' असा चेहरा केलेली गार्गी. लाकडी पुलावर ऊन तापत होतं. खाली राखाडी चिखल चमकत होता, आणि त्या चिखलावर, अहो, काय जत्रा होती! निवट्या लोळत होत्या, एकमेकींवर पर उभारून धावून जात होत्या, डोळे आत ओढून पुन्हा बाहेर काढत होत्या. काकू एकेकीची ओळख करून देत होत्या, जणू वर्गातली मुलंच.

"ती बघ, गालफडं फुगलेली. हवा घेऊन चाललीय. गेली. आता मोज."

ती बिळात गेली. मिनिटभराने दुसऱ्या तोंडातून वर आली. गालफडं रिकामी. पुन्हा हवा, पुन्हा खाली.

"असं किती वेळा करते?" मी विचारलं.

"शेकडो वेळा," काकू म्हणाल्या. मग त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की मी दचकलो. "प्रबोध! तुझी आग किती दिवस चालते?"

"तीन."

"आग कशाला लागते? वरच्या इमारतींना, जहाजांना. चिखल जळत नाही रे! ओला चिखल जळत नाही! वरची हवा विषारी होईल, पण खाली पोकळ्यांत हवा साठलेली आहे. आधीच! हजारो बिळांत!"

मी कठडा सोडून काकूंकडे वळलो. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या कथेची नायिका, कॅप्टन टाव्हेथ, त्या आगीत सापडते. तिला मारणं शक्य नव्हतं, पुढचे तीन लेखक तिच्यावरच अवलंबून होते. आणि ती जिवंत कशी राहते, हे दोन आठवडे डोकं फोडून मला सुचलेलं नव्हतं. मसुद्यात मी नुसतं 'ती चमत्काराने वाचली' असं लिहून मोकळा झालो होतो.

"काकू," मी म्हणालो, "निवट माणसाला खाली नेऊ शकतील?"

"होडीएवढे आहेत ते. का नाही नेणार?"

"आणि हवा?"

काकू हसल्या. "पहिला घोट शेजाऱ्याला!"

आम्ही तिथेच बाकावर बसलो. माझ्याकडे ऑफिसची डायरी होती, ती काढली. काकूंनी डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. मी लिहीत होतो, त्या सांगत होत्या, मध्येच हाफिज, "बट अँटी, अंधारात कॅप्टनला कळणार कसं की कोण हवा देतंय?" असे नेमके प्रश्न टाकत होता. गार्गी आधी लांब उभी होती. मग म्हणाली, "बिळाचा नकाशा लागेल ना? मी काढते." आणि पुलावर मांडी घालून बसली. आम्ही उठलो तेव्हा माझी मान उन्हाने भाजून निघाली होती आणि डायरीत जूनपर्यंतची पानं संपली होती.

आता अडचण अशी की मतदान सुरू झालेलं. नियमाप्रमाणे मतदानातला मसुदा बदलता येत नाही. मी बाकी पाच संपादकांना लिहिलं, 'मला माझंच लिखाण मागे घ्यायचंय.' उत्तर आलं, घेता येणार नाही. मात्र चाळीस सदस्यांच्या सह्या मिळाल्या तर पर्यायी मसुदा त्याच्यासमोर उभा करता येईल. मुदत गुरुवार.

काकूंनी काय केलं असेल? साठ मायनर जमातींपैकी कुठल्याही जमातीबद्दल कुणीही, कधीही एक ओळ लिहिली असेल, तर त्या माणसाला शोधून काढलं आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं. फुकटचं कौतुक नाही. 'तुमच्या सतरा नंबरच्या जमातीला तीन पाय आहेत असं तुम्ही म्हणता. ती उतारावरून कशी उतरते?' अशी पत्रं. लोक वेडे झाले. कुणीतरी आपलं लिहिलेलं खरोखर वाचलंय! बुधवारी संध्याकाळी त्रेचाळीस सह्या होत्या. गार्गी टाइप करत होती, काका चहा करत होते.

शनिवारी संध्याकाळी पाचला मतदान संपणार होतं. आम्ही सगळे बुकित बातोकच्या फ्लॅटवर जमलो. काका हाफ पँटमध्ये येरझाऱ्या घालत होते. साडेचारला माझा जुना मसुदा नऊ मतांनी पुढे होता. आपल्याच कथेचं हरणं चिंतत मी आयुष्यात पहिल्यांदाच बसलो होतो. पावणेपाचला फरक तीनवर आला. मग गार्गीने पान ताजं केलं तर ते उघडेचना.

"हँग झालं! आई, हँग झालं!"

"बाजूला हो," काका म्हणाले, टेबलाखाली शिरले आणि त्यांनी मोडेम बंद करून चालू केला. चार मिनिटं हिरवा दिवा लुकलुकत राहिला. काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. "हरलो तरी लिहिणार हं मी," त्या म्हणाल्या. "त्यांना मारलं तर त्यांचे सांगाडे सापडले असं लिहीन."

पाच वाजून एक मिनिट. पान उघडलं.

जुना मसुदा अठ्ठ्याहत्तर. नवा शहाऐंशी.

पहिली आरोळी काकांची होती. अशी की शेजारच्या मिसेस गोह दार वाजवत आल्या. "हू वॉन? फुटबॉल आह?"

"माय मदर्स स्पीशीज वॉन, अँटी!" गार्गी ओरडली आणि आईच्या गळ्यात पडली. 'माय मदर्स स्पीशीज'. काकूंनी ते ऐकलं आणि त्या खुर्चीत बसल्या. रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. मिसेस गोहना काहीच समजलं नाही, पण त्या घरी जाऊन अननसाच्या टार्टचा डबा घेऊन आल्या.

तो भाग दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला, एस. उकिडवे आणि हेल्म्समन. त्यानंतर साइटचं रूपच पालटलं. लोकांना पाच मोठ्या जमातींपेक्षा यादीच्या तळाशी काय आहे याची उत्सुकता वाटायला लागली. तीन वर्षांत एकट्या निवटांवर शंभराहून जास्त गोष्टी झाल्या, पोर्तुगीज आणि तमिळमध्येसुद्धा. तमिळ गोष्ट वाचता येत नव्हती म्हणून काकूंनी ती खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांकडून वाचून घेतली आणि त्यातली एक शास्त्रीय चूक काढली.

इकडे खऱ्या चिखलातही त्यांचं बस्तान बसलं. सुंगेई बुलोहच्या लोकांनी या रोज येणाऱ्या बाईला बघून शेवटी विचारलंच, आणि २००६ मध्ये प्रशिक्षण घेऊन काकू तिथल्या स्वयंसेवक मार्गदर्शक झाल्या. शाळांच्या सहली यायच्या. चार शाळांनी नाकारलेल्या बाईसमोर आता महिन्याला चाळीस शाळकरी पोरं, उकिडवे उच्चारता येत नाही म्हणून, 'मिसेस यू! मिसेस यू!' करत उभी असायची.

मार्च २००८ मध्ये सदस्यांनी निवडक गोष्टींचं एक पुस्तक छापलं आणि एका लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये वाचन ठेवलं. काकू मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. साठेक माणसं असतील. त्यांनी त्यांच्या ठाम कॉलेजी इंग्रजीत चार पानं वाचली. मग मागच्या रांगेतून एका लहान मुलीने विचारलं, "निवट बोलतात कसे?"

चार वर्षांत काकूंनी हे कधीच लिहिलं नव्हतं. त्या विचारात पडल्या. मग काकूंनी गाल फुगवले, तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला लावली आणि 'पॉक्' असा आवाज काढला. थांबल्या. दोनदा काढला, पॉक्, पॉक्.

"याचा अर्थ काय?" मुलगी ओरडली.

"याचा अर्थ, मी खाली येतेय, थोडं सरकून घ्या."

मुलीने गाल फुगवून पॉक् केलं. शेजारच्या मुलाने केलं. मग हाफिजने, मग गार्गीने, सगळ्यांसमोर, अजिबात न लाजता. मिनिटभरात साठ माणसं गाल फुगवून एकमेकांना पॉक् पॉक् करत होती, मनोहरकाका उभे राहून सगळ्यात मोठ्याने. लायब्ररीची बाई शांतता राखायला सांगायला आली, दारातच थांबली, आणि काकूंनी तिला हाताने आत बोलावून घेतलं.